ऊसतोडीच्या पट्ट्यात फिरती संगणक शाळा : गाडी घेण्याआधी आणि घेतल्यावर

फिरती संगणक शाळा काढायचं ठरलं की बहुतेक संस्था आधी बस शोधायला लागतात. गाडी सर्वांत शेवटी घ्या. तालुक्यात संगणकावरची कोणती कामं खरोखर मिळतात आणि ती शिकणारी माणसं वर्षातले कोणते महिने गावात असतात, या दोन गोष्टी कळल्याशिवाय गाडी किती मोठी हवी, तिच्यात काय बसवायचं आणि ती कुठे उभी करायची, यातलं काहीच ठरवता येत नाही.

इथे डोळ्यांसमोर बीड जिल्ह्यातला ऊसतोडीचा पट्टा ठेवला आहे : धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी. दसरा-दिवाळीनंतर इथल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. दहावी-बारावीपर्यंत कसंबसं शिकलेली, पुढच्या वर्षी कोयता हातात येणार हे दिसत असलेली सतरा ते पंचवीस वयाची मुलं-मुली ही या शाळेची खरी गरजू मंडळी. दुसऱ्या भागासाठी आकडे तेच राहतील, दिनदर्शिका मात्र तिथली तुमची तुम्हाला मांडावी लागेल.

आधी बाजारपेठ पालथी घाला

तालुक्याच्या गावात आणि आसपासच्या मोठ्या बाजारगावांत किमान तीस ठिकाणी जाऊन विचारा. कृषी सेवा केंद्रं, आडत दुकानं, दूध संकलन केंद्रं, पतसंस्था, खासगी दवाखाने, जिनिंग, शेतकरी उत्पादक कंपन्या, झेरॉक्सची दुकानं, आपले सरकार सेवा केंद्रं यांतलं काही सोडू नका. प्रश्न तीनच : संगणकावर तुमच्याकडे रोज काय काम होतं? ते करणारा माणूस कुठून मिळतो? नवा माणूस पहिल्या महिन्यात कुठे चुकतो?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नीट लिहून घ्या, अभ्यासक्रम त्यातूनच निघतो. बहुतेक ठिकाणी तेच तेच ऐकू येईल. मराठी टायपिंग येत नाही. कागद वाकडा स्कॅन करतो. फोटो ५० केबीच्या आत आणायला सांगितला की अडकतो. आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव वेगळं आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. फाइल कुठे सेव्ह केली ते सापडत नाही. बिल काढताना जीएसटीचा दर चुकीचा निवडतो. वेब डिझायनिंग किंवा कोडिंग या यादीत येत नाही, म्हणून दहा आठवड्यांच्या वर्गातही ते नको. मुलांना त्याचं आकर्षण असतं हे खरं, पण पंचवीस किलोमीटरच्या आत जिथे एसटीने रोज जाऊन-येऊन काम करता येईल, ते काम आधी हातात पडू द्या.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. आपले सरकार सेवा केंद्र कुणालाही हवं तेव्हा उघडता येत नाही. जिल्हाधिकारी कार्यालय रिक्त गावांची जाहिरात काढतं आणि त्यातून केंद्रं वाटली जातात. ‘कोर्स करा, केंद्र मिळेल’ असं आश्वासन देऊ नका. चालू केंद्रात ऑपरेटर म्हणून काम मिळणं हे शक्य कोटीतलं आहे.

दिनदर्शिका

एप्रिलचा तिसरा आठवडा ते जूनअखेर ही पहिली फेरी आणि जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दुसरी. दोन्ही दहा-दहा आठवड्यांच्या. पहिल्या फेरीत लग्नसराई आणि ऊन आडवं येतं, दुसरीत खुरपणी आणि शेवटी सोयाबीनची काढणी. पेरणीच्या आठवड्यात वर्ग रिकामा राहणार हे गृहीत धरा. मृग बरसला की दोन-तीन दिवस सुटी जाहीर करा आणि ते तास पुढे भरून काढा. सुटी दिली नाही तरी मुलं शेतात जाणारच, आणि मग ‘बुडाले’ म्हणून लाजून परत येत नाहीत.

ऑक्टोबर ते मार्च गावात म्हातारी माणसं आणि शिक्षणासाठी मागे ठेवलेली मुलं असतात. या काळात गाडी दोन ठिकाणी उपयोगी पडते : ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या वसतिगृहांजवळ, किंवा कारखान्याच्या परिसरात कोप्यांच्या (मजुरांच्या झोपड्यांच्या) अड्ड्यावर. अड्ड्यावर वर्ग घ्यायचा तर मोठ्यांकडून फार अपेक्षा नको. तोड पहाटे सुरू होते, रात्री गाडी भरायला कधीही बोलावणं येतं. तिथे अभ्यासक्रम न रेटता मोबाइलवरची छोटी कामं शिकवा : बँकेचा एसएमएस वाचणं, डिजिलॉकर, उचलीचा (आगाऊ घेतलेल्या पैशांचा) आणि तोडलेल्या टनांचा स्वतःचा हिशेब शीटमध्ये ठेवणं. या शेवटच्या गोष्टीला लोक आवर्जून येतात, कारण टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीसमोर ठेवायला त्यांच्याकडे एरवी काहीच नसतं.

दिवसाला दोन-दोन तासांच्या तीन बॅच धरा. सोमवार-बुधवार-शुक्रवार एका बाजूची गावं, मंगळवार-गुरुवार-शनिवार दुसऱ्या. आठवड्याला सहा तास, दहा आठवड्यांत साठ. प्रत्येक बॅचला बारा जण म्हणजे एका फेरीत बहात्तर. यापेक्षा जास्त गावं घेऊ नका. आठवड्यातून एकदाच गाडी आली तर बोटं मागच्या वेळचं सगळं विसरलेली असतात. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या गावात वर्ग ठेवू नका.

बायका-मुलींच्या बॅचची वेळ त्यांनाच विचारून ठरवा, ती बहुधा दुपारी एक ते चारच्या मधली निघते. मुली दिवस मावळण्याआधी घरी पोचल्या पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात वडील पाठवणं बंद करतात. लेकुरवाळ्या बायकांसाठी गाडीबाहेर सावलीत चटई आणि मुलांकडे बघायला बचत गटातली एक बाई, तिला मानधन देऊन. एवढी सोय नसेल तर त्या बॅचमध्ये फक्त अविवाहित मुलीच उरतात.

बंजारा तांड्यावर घरात गोरमाटी बोलतात. शिकवणारा एक माणूस तिथलाच असेल तर फार फरक पडतो. शिक्षक दोन हवेत, त्यांतली एक बाई असावी. चालक हा तिसरा, आणि त्याला बॅटरी-इन्व्हर्टरची माहिती दिलेली असावी.

प्रवेश

बारा जागांना बाराच मुलं घ्या, पाच जणांची प्रतीक्षा यादी ठेवा आणि पहिल्या आठवड्यात गळालेल्यांच्या जागी त्यांना बसवा. एका लॅपटॉपवर दोघांना कधीही बसवू नका. माउस ज्याला आधीच थोडं येतं त्याच्याच हातात राहतो, दुसरा साठ तास नुसता बघत बसतो. बघणारी बहुतेक वेळा मुलगी असते.

शुल्क अगदीच नको असं नाही. शंभर-दोनशे रुपये अनामत घेऊन पन्नास तास हजेरी भरल्यावर परत दिली तर हजेरी टिकते. मात्र ज्यांना तेही जड आहे त्यांचं नाव ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा आशाताईंकडून आधीच कळवून घ्या, म्हणजे वर्गात सगळ्यांसमोर विचारावं लागत नाही.

गाडी आणि आतली मांडणी

तीस-बत्तीस आसनांची जुनी मिनीबस पुरते. मोठी बस तांड्याच्या रस्त्यावर वळत नाही आणि पावसाळ्यात रुतते. आसनं काढून टेबलं बसवणं हा वाहनातला फेरफार ठरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्याला आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्यावी लागते आणि आरसी बुकात नोंद करावी लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर अपघात झाल्यावर दावा फेटाळला जाऊ शकतो.

टेबलं दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावून घ्या, मुलांची तोंडं खिडकीकडे, पाठ मधल्या वाटेकडे. शिक्षकाला मधून चालताना बाराही पडदे दिसतात. एका मुलाला ६० सेंटिमीटर रुंदी, म्हणजे एका बाजूला सहा जणांचं ३.६ मीटर लांब टेबल. खोली ४५ सेंटिमीटर, उंची ७० ते ७२. आतली रुंदी जेमतेम २.१ मीटर असते, त्यामुळे पाठीच्या खुर्च्या बसवल्या तर वाट उरत नाही. टेबलाखाली सरकणारी स्टुलं घ्या आणि दोन्ही बाजूंची स्टुलं समोरासमोर न येता अर्ध्या जागेने पुढेमागे ठेवा. आपत्कालीन दार टेबलाने किंवा बॅटरीच्या पेटीने अडवू नका. पहिली पायरी उंच असते, तिच्यासाठी २० सेंटिमीटरचं लाकडी पायठाण बरोबर ठेवा. पाच किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ असावं.

वीज : इथे सर्वांत जास्त चुका होतात

आधी हिशेब कागदावर मांडा. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा असला तरी टायपिंगच्या कामात तो सरासरी ३० वॅट घेतो. बारा लॅपटॉप म्हणजे ३६० वॅट. तीन छोटे पंखे ७५, चार एलईडी दिवे ३६, राउटर १०, शिकवण्यासाठीचा ३२ इंची टीव्ही ५०. बेरीज ५३१ वॅट. सहा तासांना सुमारे ३.२ युनिट. इन्व्हर्टर आणि वायरिंगमधली गळती धरून ३.७ युनिट. बॅटरी ८० टक्क्यांपेक्षा जास्त उतरवायची नाही म्हटलं तर ४.६ युनिटची बॅटरी लागते. २५.६ व्होल्ट २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ५.१२ युनिटची असते. ती घ्या.

इन्व्हर्टरच्या साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या पहिल्या खरेदीत स्वस्त पडतात, पण त्या निम्म्याच उतरवायच्या असतात. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या लागतील, वजन दोनशे किलोच्या वर जाईल, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर त्यांचं ॲसिड हिंदकळतं. शिवाय चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो, बंद गाडीत तो नको.

बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर, फ्यूज हवाच. १५०० वॅटचा इन्व्हर्टर २४ व्होल्टवर पूर्ण भाराला ६० अँपिअरच्या वर ओढतो. म्हणून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि १०० अँपिअरचा डीसी फ्यूज. घरगुती एसी एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) डीसीच्या, म्हणजे बॅटरीच्या बाजूला लावू नका, सर्किट तोडताना त्यात ठिणगी विझत नाही आणि आग लागते. केबलची टोकं पक्कडीने दाबलेली असली तर गाडीच्या हादऱ्याने सैल होतात आणि तापतात. लग (केबलच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या आणि दर महिन्याला नट तपासा.

एसीच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. इथे एक बारीक पण जिवावर बेतणारी बाब आहे : अनेक इन्व्हर्टरांच्या आउटपुटला न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. तो जोडलेला नसेल तर आरसीसीबी दिसायला बसवलेला असतो, पण शॉक लागला तरी तुटत नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून हे तपासून घ्या. बाहेरून शाळेची लाइन जोडल्यावर ही जोडणी आपोआप सुटेल असा चेंजओव्हर बसवायला सांगा. बटण दाबून चाचणी करणं पुरेसं नाही, टेस्टरने गळती देऊन तो तुटतो का ते पाहा. गाडीची बॉडी अर्थला जोडा, आणि उभी केल्यावर अर्थिंगची सळई ओल्या जमिनीत ठोका.

छतावर ५४० वॅटची तीन सोलर पॅनल लांबीने एकामागे एक ठेवली तर सुमारे सात मीटर जागा लागते. सपाट ठेवलेली, धुळीने माखलेली पॅनल उन्हाळ्यात दिवसाला सहा युनिटच्या आसपास देतात. ढगाळ जुलैत ते निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. म्हणून दुसऱ्या फेरीत सोलरवर विसंबू नका, रात्री मुक्कामी १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्जिंगची सोय ठरवून ठेवा. एप्रिल-मेमध्ये अडचण उलट असते : पॅनलला ऊन हवं, मुलांना सावली. गाडी लिंबाखाली लावली तर चार्जिंग होत नाही, उन्हात लावली तर आतला पत्रा तापतो. छताला आतून इन्सुलेशन, पॅनल आणि पत्रा यांच्यात दहा सेंटिमीटर हवेची पोकळी, आणि सकाळच्या दोन बॅच साडेसात ते साडेअकरामध्ये, हा यावरचा उपाय. लिथियम बॅटरी ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नये, म्हणून तिची पेटी तळाशी सावलीच्या बाजूला, पंखा लावून ठेवा.

लॅपटॉप आणि नेट

डेस्कटॉप नको, तिप्पट-चौपट वीज खातात. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप चालतात, पण ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवी. फिरती चकती असलेली हार्ड डिस्क हादऱ्यांनी काही महिन्यांत जाते. बारा अधिक दोन सुटे घ्या. गाडी चालू असताना एकही लॅपटॉप टेबलावर ठेवायचा नाही, फोमच्या खाचांच्या पेटीतच. प्रत्येकाला वेगळा कीबोर्ड जोडा आणि त्यावर देवनागरीचे स्टिकर लावा, लॅपटॉपचा कीबोर्ड धुळीने मेला तर तो बदलणं महाग पडतं.

राउटर दोन सिमचा, वेगवेगळ्या कंपन्यांचा, अँटेना छतावर. तरीही डोंगराच्या पोटातल्या वस्त्यांवर नेट मिळणार नाही असं धरूनच पाठ तयार करा. सरावाचे फॉर्म, व्हिडिओ, टायपिंगचे धडे एका छोट्या सर्व्हरवर ठेवून गाडीतल्या वायफायवर द्या. यासाठी कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर नेटशिवाय चालतं.

दहा आठवड्यांत काय

पहिले तीन आठवडे टायपिंग आणि फाइल सांभाळणं, दुसरं काही नाही. मराठीसाठी युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकवा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ही मांडणी मुलांना दोन दिवसांत पाठ होते. अडतात ती जोडाक्षरांवर. ‘डी’ची कळ म्हणजे हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) हे पक्कं करा आणि ‘वर्ग’ हा शब्द बोलत टाइप करून घ्या : व, र, हलन्त, ग. रफार वर दिसतो म्हणून मुलं तो शेवटी शोधतात. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती आधी दाबतात आणि मग ठिपक्यांचं वर्तुळ येतं. उच्चाराच्या क्रमाने दाबायचं, दिसण्याच्या क्रमाने नाही, हे एकदा बोटांत उतरलं की वेग आपोआप वाढतो. ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या रसाठी शिफ्टसह ‘जे’, मग हलन्त, मग य.

लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. साठ तासांत तिथवर कुणी पोचत नाही. बारा ते पंधरा शब्द बिनचूक, हे उद्दिष्ट ठेवा, सेवा केंद्रातल्या कामाला ते पुरतं.

चौथा ते सहावा आठवडा स्प्रेडशीट. दुकानाचं उधारी खातं, दुधाचं फॅट-लिटरचं बिल, बचत गटाचा हिशेब, याच उदाहरणांवर शिकवा. एक चूक मुद्दाम करून दाखवा. सोळा आकडी बँक खाते क्रमांक एक्सेलमध्ये तसाच टाइप केला तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे खरे ठेवतं. नंतर रकाना टेक्स्ट केला तरी गेलेला आकडा परत येत नाही, आणि अनुदानाची रक्कम अडकते. म्हणून भरण्याआधी रकाना टेक्स्ट करायचा. खाते क्रमांकाच्या आणि मोबाइलच्या आधीची शून्यं आणि तारखेतली दिवस-महिन्याची अदलाबदल हेही त्याच तासाला दाखवा. संगणकाची रीजन सेटिंग भारत असावी.

सातवा-आठवा आठवडा कागदपत्रं : सरळ स्कॅन, पीडीएफ जोडणं, आकार कमी करणं, सातबारा आणि आठ-अ वाचणं, फॉर्म भरणं. नववा आठवडा बिलिंग. दहाव्यात प्रत्येकाला तालुक्याच्या खऱ्या दुकानात किंवा केंद्रात तीन दिवस बसवा. हे दुकानदार पहिल्या पाहणीतलेच असावेत.

सरावाला खरे आधार क्रमांक वापरू नका. बनावट नावांचे, ‘नमुना’ असा शिक्का असलेले कागद तयार ठेवा. तरीही मुलं स्वतःचे कागद उघडतातच, म्हणून रोज संध्याकाळी डाउनलोड्सचं फोल्डर आणि ब्राउझरमधली लॉगिन पुसायची. ही जबाबदारी एका ठरावीक शिक्षकाची, नावासकट फळ्यावर लिहिलेली.

आणि एक पूर्ण तास ‘घरबसल्या डेटा एंट्री’च्या फसवणुकीला द्या. कोर्स करणारी मुलं नेमकी याच जाहिरातींना फसतात. आधी नोंदणी शुल्क मागतात, मग हजारो पानं टाइप करून घेतात, मग चुका दाखवून ‘करार मोडला’ म्हणून वकिलाच्या नोटिशीची भीती घालतात. काम देणारा पैसे मागत असेल तर ते काम नाही, हे मुलांकडून म्हणवून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

गाडी निघून गेल्यावर

तुमच्या संस्थेचं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, अर्जात चालत नाही. शासकीय भरतीत एमएस-सीआयटी किंवा सीसीसीसारखी मान्य प्रमाणपत्रं विचारतात. एमएस-सीआयटी २००१ पासून महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) चालवतं आणि त्याची केंद्रं तालुक्याला आहेत. ज्यांना भरतीकडे जायचं आहे त्यांची तिथे नावनोंदणी दहाव्या आठवड्यातच करून द्या, शुल्काची तजवीज बजेटमध्ये आधीच धरा.

गाडीतले सोडून वेगळे दोन लॅपटॉप प्रत्येक गावात ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात तीन महिने ठेवा, नोंदवही आणि किल्ली एका माजी विद्यार्थिनीकडे. टायपिंग महिनाभर सुटलं की वेग निम्मा होतो. तीन महिन्यांनी सगळ्यांना फोन करा आणि दोनच गोष्टी नोंदवा : काम लागलं का, महिन्याला किती मिळतात.

फेरी अर्धवट सोडून कोयत्यावर जावं लागलेल्या मुलांची वेगळी यादी ठेवा. नावापुढे कोणता आठवडा पुरा झाला, टायपिंगचा वेग किती होता आणि टोळी कोणत्या कारखान्यावर गेली ते लिहा. टोळ्या एप्रिलमध्ये उतरल्या की नवे प्रवेश सुरू करण्याआधी त्यांना फोन करा. दोन दिवस उजळणी घेऊन त्यांना होत्या त्या आठवड्यापासून पुढे बसवा. त्यांची अनामतही तोवर तशीच जमा ठेवा.